१८० अंश, पण कोठे?



डिसेंबर उजाडला की नवी मुंबईतील पुष्कळ घरांत नाताळच्या केकची तयारी सुरू होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभे राहू लागले. येथील आगरी-कोळी गावांच्या शेजारी मुंबईचे, घाटावरचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे असे सगळीकडचे लोक येऊन राहिले. दिवाळीचा फराळ जसा शेजारच्या घरी जातो तसा नाताळचा केकही शेजारी येतो, आणि एकदा चव लागली की 'आपणही करून पाहू' असे वाटतेच. वाशीच्या मसाला मार्केटातून बेदाणे, काजू, खजूर येतात. टुटीफ्रुटी येते; ती कच्च्या पपईचे तुकडे साखरेच्या पाकात मुरवून केलेली असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? घरात मोठी भट्टी नसते, ओट्यावर जागाही बेताचीच. तेव्हा अलीकडे हे काम एअर फ्रायरकडे सोपवले जाते.

आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते. "कृतीत लिहिल्याप्रमाणे १८० अंशांवर ४५ मिनिटे ठेवला, तरी वरून काळा आणि आतून कच्चा!"

बहुतेक घरांत यानंतर दोनच गोष्टी होतात. एक तर यंत्राला दोष दिला जातो, नाही तर करणाऱ्याच्या हाताला. माझे मत असे आहे, की ही तक्रार स्वयंपाकघरात न ठेवता सरळ विज्ञानाच्या तासाला आणली पाहिजे. वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही व्याख्या तुम्हांला पाठ असतील. पण त्या पाठ असूनही वरून जळलेल्या केकचे कारण सांगता येत नसेल, तर आपण उष्णता शिकलो असे म्हणावे काय?

नाव एक, काम दुसरे

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. एअर फ्रायर हे नाव २०१० साली फिलिप्स कंपनीने आपले यंत्र बाजारात आणल्यापासून सर्वतोमुखी झाले. परंतु हे यंत्र काहीही तळत नाही. तळणे म्हणजे गरम तेलाने पदार्थास सर्व बाजूंनी उष्णता देणे. येथे ते काम हवा करते. बहुतेक यंत्रांत वरच्या बाजूस तापणारे वेटोळे असते, त्याच्या वर पंखा असतो, आणि खाली एक लहानशी बंद पेटी असते. म्हणजे ही पंखा लावलेली छोटी भट्टी झाली. कल्पनाही अगदी नवी नव्हे. १९४५ साली अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने विमानातील गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी पंख्याची भट्टी तयार केली होती.

पंख्याने काय साधते? कोणत्याही पदार्थाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक जवळजवळ स्थिर थर असतो. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने हा थर पांघरुणासारखा वागतो. गरम चहावर आपण फुंकर घालतो तेव्हा हे पांघरूण उडवून लावतो आणि चहा लवकर निवतो. भट्टीत याच्या उलट होते. पंखा पांघरूण उडवतो आणि बाहेरची उष्णता पदार्थात लवकर शिरते. याला प्रणोदित अभिसरण म्हणतात. त्यामुळे साध्या भट्टीतील १८० अंश आणि पंख्याच्या भट्टीतील १८० अंश हे केकच्या दृष्टीने सारखे नसतात. पंख्याच्या भट्टीत तपमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे, असे स्वयंपाकाच्या पुस्तकांत सांगतात ते याचसाठी.

त्यात भर म्हणजे वरचे तापलेले वेटोळे केकच्या डोक्यापासून फार तर काही सेंटिमीटरवर असते. त्याच्यापासून निघणारे प्रारण थेट केकवर पडते. वरचा थर लवकर सुकतो, घट्ट होतो आणि तांबूस होऊ लागतो. हा तांबूस रंग आणि खमंग वास मुख्यतः शर्करा आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. सुमारे १४० अंशांच्या पुढे ती झपाट्याने होते. वर अशी कडक टोपी तयार झाली तरी आतले पीठ अजून पातळच असते. त्यात वायू आणि वाफ फुगत असतात. शेवटी ती टोपी फुटते आणि केकच्या माथ्यावर भेग पडते.

आतले तपमान वेगळेच

आता खरा प्रश्न. यंत्राच्या तबकडीवर १८० हा आकडा आहे. पण हे तपमान कोठले? ते पेटीतील हवेचे, आणि तेही संवेदक ज्या जागी बसवला आहे तेथले. केकच्या मध्यभागी तर १८० अंश कधीच होत नाही. तेथे पाणी आहे, आणि जोवर पाणी आहे तोवर तपमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते. केक तयार होतो तेव्हा त्याच्या मध्यभागी साधारण ९५ ते ९८ अंश असतात. एकाच केकमध्ये, जेमतेम तीन सेंटिमीटरच्या अंतरात, वर मायारची अभिक्रिया चालू असते आणि आत पिष्ट नुकते शिजत असते.

ही तीन सेंटिमीटर ओलांडायला उष्णतेला वेळ लागतो, कारण केकचे पीठही मंदवाहक आहे. आत उष्णता केवळ वहनाने जाते, आणि वहनाचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: जाडी दुप्पट केली तर आत उष्णता पोचण्यास वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतो. आता पाहा. एअर फ्रायरची पेटी अरुंद. मोठ्या पसरट भांड्यासाठी सांगितलेले पीठ आपण लहान, उभट भांड्यात कोंबतो. पिठाची जाडी ३ सेंटिमीटरऐवजी ६ सेंटिमीटर होते. कडेनेही उष्णता जात असल्याने हिशेब तंतोतंत चौपटीचा येणार नाही हे खरे. पण ४५ मिनिटे पुरणार नाहीत, हे केक करण्याआधीच सांगता येते.

येथे गोव्याच्या बेबिंकाची आठवण होते. नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि तूप यांचा हा नाताळचा पदार्थ. पारंपरिक पद्धतीत झाकणावर निखारे ठेवून त्याला वरून आंच देतात. वरून आंच म्हणजे आपल्या एअर फ्रायरसारखीच अवस्था! पण गोव्याच्या गृहिणींनी सगळे पीठ एकदम ओतले नाही. एक पातळ थर ओतायचा, तो भाजून तांबूस झाला की त्यावर दुसरा. जाडी कमी ठेवल्याने प्रत्येक थर आतपर्यंत शिजतो. जाडीच्या वर्गाचा नियम कोणी सूत्रात लिहून देण्यापूर्वी त्यांनी तो हाताने वापरला होता.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याकडचे. घरात भट्टी नसताना अनेक मराठी घरांत कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरून, शिटी आणि रबरी कडे काढून ठेवून केक करीत, आजही करतात. तेथे आंच खालून. त्या केकचा तळ तांबूस आणि माथा फिका. एअर फ्रायरमधल्या केकचा माथा तांबूस आणि तळ बहुधा फिका. पीठ तेच, पण आंच कोणत्या बाजूने येते ते केक स्वतःच्या अंगावर लिहून ठेवतो. आणि बेकरीची विटांची भट्टी? तिच्या जाड भिंती तासन्‌तास उष्णता साठवतात आणि मग चोहोबाजूंनी सावकाश देतात. अलाहाबादसारख्या शहरांत नाताळच्या आधी घरचे पीठ आणि मेवा घेऊन लोक बेकरीत जात आणि केक भाजून आणत. एवढ्या मोठ्या भट्टीचा संथपणा दीड किलोवॅटच्या हलक्या पेटीत कोठून यावा?

कृतीतला आकडा हा नियम नव्हे

माझा मुख्य मुद्दा आता सांगतो. कृतीत छापलेले १८० अंश आणि ४५ मिनिटे हा निसर्गनियम नव्हे. कोणीतरी, कोणत्यातरी भट्टीत, कोणत्यातरी भांड्यात घेतलेले ते एक मापन आहे. साधन बदलले की मापन पुन्हा घ्यावे लागते. प्रयोगशाळेत आपण काटा बदलला की शून्यांक तपासतो ना? मग स्वयंपाकघरात का नाही?

म्हणून यंदाच्या नाताळच्या सुटीत प्रत्येक शाळेने आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना 'केकचे मापन' हा गृहप्रयोग द्यावा, असे मी सुचवतो. मुलींना द्यावा आणि मुलांनाही द्यावा. ओट्याजवळ जाणे हे मुलींचेच काम, ही समजूत निदान विज्ञानाच्या तासाला तरी आपण बाहेर ठेवू. ज्यांच्या घरी अंडी चालत नाहीत त्यांनी अंड्याविना करावा. प्रयोगाला त्याने बाध येत नाही.

काय मोजावे? चार गोष्टी पुरेत.

पहिली, बेदाणे. आपले सांगली-तासगावचे बेदाणे घ्या. ५० ग्रॅमचे तीन वाटे करा. एक साध्या पाण्यात, दुसरा संत्र्याच्या रसात, तिसरा दाट पाकात भिजवा. ठराविक वेळाने बाहेर काढून, पुसून, वजन करा आणि आलेख काढा. पाण्यातले बेदाणे सर्वांत जास्त फुगतील आणि पाकातले सर्वांत कमी. परासरण याहून स्वस्तात शिकता येणार नाही. न भिजवलेले बेदाणे केकमध्ये टाकले तर ते पाणी कोठून घेतील, हेही मग आपोआप समजेल.

दुसरी, मेव्याचे बुडणे. बेदाणे पिठापेक्षा जड, म्हणजे जास्त घनतेचे असतात, म्हणून ते तळाशी जातात. मेव्याला कोरडा मैदा चोळला तर तो बुडत नाही, असे सांगतात. खरे की खोटे? पिठाचे दोन सारखे भाग करा. एकात मैदा चोळलेला मेवा घाला, दुसऱ्यात नुसताच. बाकी सारे सारखे ठेवा. दोन्ही केक उभे कापा आणि वरच्या अर्ध्या भागात किती बेदाणे आले व खालच्या अर्ध्या भागात किती, ते मोजा. मग पीठ थोडे घट्ट करून पुन्हा पाहा. मैद्याचा परिणाम मोठा की घट्टपणाचा, याचे उत्तर तुमच्या आकड्यांतून निघेल.

तिसरी, तपमान आणि वजन. स्वयंपाकासाठी मिळणारी, धातूचे टोक असलेली तापमापी वापरा. प्रयोगशाळेतील काचेची तापमापी अन्नात मुळीच घालू नका. ती फुटली तर काच आणि पारा पोटात जाण्याचे भय. तापाची तापमापीही येथे निरुपयोगी, कारण ती ४२ अंशांपलीकडे जात नाही. २५ मिनिटांनंतर दर दहा मिनिटांनी मध्यभागाचे तपमान टिपा. दार उघडल्याने पेटी थंड होते, तेव्हा वाचन झटपट घ्या. भाजण्यापूर्वीचे व नंतरचे वजनही करा. कमी झालेले वजन म्हणजे बहुतांशी उडून गेलेले पाणी. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आज १८०ऐवजी १५० अंश. उद्या तेच १५०, पण भांड्यावर पत्रीचे झाकण. चकचकीत पत्री प्रारण परतवते आणि वाऱ्याचा झोतही अडवते. ती भांड्याच्या काठाखाली घट्ट दुमडा, नाही तर पंखा तिला उचलून तापलेल्या वेटोळ्यावर नेऊन चिकटवील. भांड्याभोवती बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे हवा खालपर्यंत जाईल. हे सारे घरातल्या मोठ्या माणसाच्या देखत.

चौथी, वीज. महावितरणच्या मीटरवर एक दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास किती लुकलुकी, हे मीटरवरच छापलेले असते. मोठ्या माणसाबरोबर मीटरपाशी जा, कशालाही हात न लावता फक्त मोजा. घरातली बाकीची उपकरणे शक्य तेवढी बंद ठेवा. १५०० वॅटचे यंत्र ५० मिनिटे अखंड चालले तर १.२५ युनिट वीज लागेल. पण वेटोळे मधून मधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात कमी लागते. आता केकची गरज काढू. समजा पीठ ७०० ग्रॅम आहे आणि ते २७ अंशांपासून ९७ अंशांपर्यंत तापवायचे आहे. पिठाची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला दर अंशास सुमारे ३ किलोज्यूल मानली, तर १४७ किलोज्यूल लागतील. ६० ग्रॅम पाणी उडाले असे धरले तर त्याला आणखी सुमारे १३५. बेरीज २८० किलोज्यूलच्या आसपास. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणजे केकला लागले जेमतेम ०.०८ युनिट! बाकीची वीज कोठे गेली? हा प्रश्न एकदा मनात आला की ऊर्जाबचतीवर निबंध लिहून देण्याची गरज उरत नाही.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, एअर फ्रायर सगळ्यांच्या घरी कोठे आहे? नसू दे. वर्गात दोघांकडे एअर फ्रायर, चौघांकडे कुकर आणि वाळू, एखाद्याकडे विजेची भट्टी असली तर उलट चांगलेच. सर्वांनी एकाच प्रमाणात पीठ करावे आणि आपापले तुकडे शाळेत आणावेत. फळ्याखाली ओळीने मांडलेले ते तुकडे उष्णतेच्या प्रवासाचा नकाशाच दाखवतील. आणि कोणाकडेच काही नसेल तर बेदाण्यांचा प्रयोग आहेच.

दुसरा आक्षेप असा, की आजी कुठे तापमापी लावून स्वयंपाक करते? तिचा अंदाज बिनचूक असतो. मान्य. पण आजीचा अंदाज हा अंदाजपंचे नव्हे. हजारो वेळा पाहून, हुंगून, चाखून तिने मनात साठवलेली ती निरीक्षणे आहेत. फक्त वहीत लिहिलेली नाहीत. तिला नवे यंत्र दिले की तीही पहिल्या दोन वेळा चाचपडते, मग आपले माप बसवते. आपण तेच करायचे आहे, पण लिहून ठेवून, म्हणजे दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा असू शकेल. हे परीक्षेला कोठे येते? शिक्षकबंधूभगिनींनो, प्रयोगवहीतील वाचने किती वेळा वर्गातील एकाच वहीतून साऱ्या वर्गात उतरतात, हे तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. दुकानात तयार प्रकल्प मिळतात, ते दोन दिवस टेबलावर मांडले जातात आणि गुण मिळवून अडगळीत जातात. अशा वेळी ज्या मुलाने आपल्या कच्च्या राहिलेल्या केकचे खरे आकडे आणले आणि तो का फसला याचे कारण शोधले, त्याला पूर्ण गुण द्या. ज्याच्या वहीत केक सुंदर पण आकडा एकही नाही, त्याला फक्त शाबासकी द्या. फसलेल्या प्रयोगाला गुण मिळतात हे एकदा मुलांना कळले, की वाचने उतरवून काढण्याचे कारणच उरणार नाही. वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात मुले स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. म्हणजे करून शिकण्याची वाट आपल्याला परकी नाही. ती आपण पुरेशी मळवली नाही, एवढेच.

आणि स्वयंपाकघराला कमी लेखू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याला शिजवलेल्या सफरचंदांचा गर इतका वेळ गरम का राहतो, हा प्रश्न पडला. पाणी लवकर निवते, मग पाण्यानेच भरलेला गर का नाही? दाट गरात प्रवाह वाहू शकत नाहीत, म्हणून उष्णता बाहेर पडायला उशीर होतो, या विचारातून द्रवांतील अभिसरणाचा अभ्यास पुढे गेला. याच रम्फर्डने चुली आणि भट्ट्या सुधारल्या, आणि १७९९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्या संस्थेत १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने होऊ लागली. तेथेच मायकेल फॅरडे याने एका साध्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली. मेणबत्तीवर सहा व्याख्याने होऊ शकतात, तर केकवर चार तासिका का होऊ नयेत?

तेव्हा मित्रहो, यंदा केक कराल तेव्हा भांड्याशेजारी एक वही ठेवा. पहिल्या पानावर यंत्राचे वॅट, भांड्याचा व्यास, पिठाची जाडी आणि आंच कोणत्या बाजूने येते, एवढे लिहा. केक कच्चा राहिला तर किती मिनिटांनी आणि किती अंशांवर, तेही लिहा. जानेवारीत शाळा उघडली की ती वही आपल्या विज्ञानशिक्षकांना दाखवा. केक उरला असेल तर त्यांना तोही द्या, मात्र दोन्ही बाजू दाखवून: माथाही आणि तळही.